शेनपडू मास्तरांची चाल

आरसा मी धरला होता. एवढंच माझं काम.
नऊ वर्षांचा होतो, आणि आरशाचा पारा
उजव्या कोपऱ्यात उडालेला,
म्हणून मास्तरांची अर्धी मिशी
दोधू न्हाव्यानं अंदाजानं काढली.

अमळनेर. बेचाळीसचा श्रावण.
तारा कापल्याला सहा दिवस झालेले,
गिरणीच्या भोंग्याखेरीज
गावात मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं.

त्याआधी दोन हिवाळे
जिनामागं, सरकीच्या ढिगावर बसून
मास्तर आम्हाला रशिया सांगत.
तिथला बर्फ आम्ही कापसावरून समजून घेतला.
कुणी एक विद्यार्थी, पाद्र्याचा झगा घालून
चार ठाणी ओलांडतो. पाचव्यावर
मरणाऱ्या शिपायाजवळ प्रार्थना म्हणावी लागते.
म्हणतो. डोळ्यांत पाणी खरंच येतं.
कुणी एक पोरगी, कर्नलची बायको झालेली,
टोपीच्या खोक्यात छापखान्याचे खिळे,
हमालाला म्हणते, हळू रे, पिसं आहेत.
आणि तो एक, ज्याचं सगळं जमलं होतं,
चिंध्या, खोकला, पुढे केलेला हात,
फक्त बूट नवे होते.

"माणूस पायाला सापडतो,"
असं म्हणून मास्तर कंदील बारीक करत.

म्हणून त्या रात्री लुगडं नेसून झालं,
सहा बांगड्या फुटल्या, मग साबण लावून चार चढल्या,
आणि सगळ्यांनी खाली पाहिलं.

झेलाबाई गिरणीत बॉबिनी भरायची.
ती म्हणाली, "मास्तर, तू जमीनवर मालकी करस.
बाई जमीनले इचारीसन चालस."
डोक्यावर पितळी हंडा दिला तिनं.
चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत.
बाहेर कानबाईचं जागरण,
आत, आम्हाला बाराखडी शिकवणारा माणूस
पहाटेपर्यंत पाऊल गिरवत होता.

सोमवारी कानबाई निघाली.
नारळाचं तोंड, चांदीचे डोळे, नथ,
आणि पाटाखाली, पदर दातांत धरून, मास्तर.
बोरीच्या घाटावर फौजदार उभा.
धरणगावचाच पोरगा. खिशात मिशीवाला फोटो.
त्यानं बूट काढले,
देवी वाहणारीच्या पायांवर डोकं ठेवलं.

मास्तरांच्या डाव्या अंगठ्याला नख नव्हतं.
वर्णनाच्या कागदावर तेही लिहिलेलं होतं.

तो वाकलेलाच राहिला.
किती वेळ, ते मी मोजलं नाही.
डफ दोनदा वाजला, तिसऱ्यांदा चुकला.
मग उठला, कपाळाची धूळ न पुसता
शिपायाला म्हणाला, "बाजूले व्हय. मायले जाऊ दे."

पलीकडे ढेपेची गाडी होती. पुढं चोपडा, पुढं सातपुडा.

झेलाबाईला तीन महिने धुळ्याचा तुरुंग.
लुगडं दोरीवरून चोरीला गेलं,
याहून जास्त ती कधी बोलली नाही.
पुढं सन्मानाच्या याद्या झाल्या,
अर्जात "चालायला शिकवलं" असा रकाना नव्हता.
फौजदाराची नंदुरबारला बदली झाली, एवढंच कळलं.

अडुसष्ट साली एरंडोलच्या स्टँडवर मास्तर भेटले.
मी विचारलं, ती कर्नलची बायको खरी का?
ते चहा बशीत ओतत राहिले.
"पुस्तकाची निम्मी पानं वाळवीनं खाल्ली होती रे.
पोरांना मध्येच घरी कसं पाठवणार?"

मग उठले. दळणाचा डबा
सवयीनं डोक्यावर घेतला,
आणि टपोरी पांढरी मिशी असलेला तो म्हातारा
रस्ता ओलांडून गेला,
जमिनीला विचारत, विचारत.